वजन हरवलेले शरीर

२२ मार्च १९९५. कझाकस्तानच्या माळरानावर सोयूझ यानाची कुपी उतरली. तिच्यातून बाहेर आलेल्या तीन अंतराळवीरांपैकी एक होते डॉ. व्हॅलेरी पोल्याकोव्ह. मूळचे डॉक्टर असलेले हे रशियन गृहस्थ ८ जानेवारी १९९४ रोजी ‘मीर’ या अवकाशस्थानकाकडे निघाले होते आणि सलग ४३७ दिवस पृथ्वीबाहेर राहून परतत होते. एकाच सफरीत सर्वाधिक काळ अंतराळात राहण्याचा त्यांचा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. परतलेल्या अंतराळवीरांना कुपीतून उचलून खुर्चीत बसविण्याचा प्रघात आहे. पोल्याकोव्ह मात्र जवळच मांडलेल्या खुर्चीपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेले. त्यामागे हेतू होता. मंगळावर पोहोचायला कित्येक महिने लागतील आणि तेथे उतरणाऱ्याला उचलून घ्यायला कोणी उभे नसेल. इतक्या प्रवासानंतरही माणूस आपल्या पायांवर उभा राहू शकतो, हे त्यांना दाखवायचे होते.

आता त्याआधीच्या पंचवीस वर्षांपूर्वीचे दृश्य पाहा. जून १९७० मध्ये आंद्रियान निकोलायेव्ह आणि विताली सेवास्त्यानोव्ह हे दोघे ‘सोयूझ ९’ यानातून सुमारे १८ दिवसांचा प्रवास करून परतले. दोघेही तरुण, निवडून घेतलेले, कसलेले. पण जमिनीवर आल्यावर त्यांना धड उभेही राहता येईना. आपलेच हातपाय त्यांना परके आणि अवजड वाटू लागले. पूर्ववत होण्यास त्यांना बरेच दिवस लागले.

१८ दिवसांत दोन धडधाकट माणसे कोलमडली आणि ४३७ दिवसांनंतर एक पन्नाशीतला डॉक्टर चालत गेला. या दोन घटनांच्या मधल्या काळात वैद्यकशास्त्र शरीराविषयी जे शिकले, ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. अंतराळात आपल्यापैकी कोणी जाण्याची शक्यता फार थोडी. पण तेथे शरीराचे जे होते, तेच आपल्या घरातील एखाद्या खाटेवर, अगदी डोळ्यांदेखत होत असते. हे मला फार उशिरा उमगले. ते कसे, हे लेखाच्या अखेरीस सांगेन.

न जाणवणारा आधार

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर करू. अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते, असे आपण म्हणतो. पण पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकापर्यंत ते जवळजवळ नव्वद टक्के शिल्लक असते. स्थानक आणि त्यातील माणसे पृथ्वीभोवती अखंड पडत राहिलेली असतात आणि त्यामुळे त्यांना स्वतःचे वजन जाणवत नाही. लिफ्ट झपाट्याने खाली निघते, तेव्हा पोटात क्षणभर जो खड्डा पडतो, तोच अनुभव त्यांना महिनोन्‌महिने येतो.

आपण उभे असतो तेव्हा पोटऱ्या, मांड्या, पाठ आणि मान यांचे स्नायू शरीर तोलून धरण्याचे काम सतत करीत असतात. हृदय रक्ताला डोक्याकडे, म्हणजे चढावर ढकलत असते. पायांतील शिरा रक्त खाली साचू देत नाहीत. अंतर्कर्णातील सूक्ष्म यंत्रणा ‘वर’ आणि ‘खाली’ यांचे भान देत राहते. हे सारे आपल्या नकळत चालते. वजन नाहीसे होताच या साऱ्यांना काम उरत नाही.

पहिल्या काही दिवसांत निम्म्याहून अधिक अंतराळवीरांना मळमळ, डोकेदुखी, दिशाभ्रम यांचा त्रास होतो. कारण डोळे एक सांगतात आणि कान दुसरेच. पाठीचा कणा दाबातून मोकळा झाल्याने उंची काही सेंटिमीटरने वाढते आणि पाठ दुखते. पायांकडील सुमारे दोन लिटर द्रव छाती आणि डोक्याकडे सरकतो. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, नाक चोंदते, पाय बारीक होतात. सर्दीत अन्न जसे बेचव लागते तसे तेथेही लागते. त्यामुळे झणझणीत, मसालेदार पदार्थांना तेथे मोठी मागणी असते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स यांची छायाचित्रे पाहून आपल्याकडे बरीच चिंता व्यक्त झाली. सुमारे आठ दिवसांसाठी गेलेल्या विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना यानातील बिघाडामुळे २८६ दिवस राहावे लागले. माझ्या दवाखान्यातही ‘त्या किती वाळल्या हो!’ असे मला ऐकविले गेले. आपले वजन घटलेले नसून शरीरातील द्रव वरच्या भागाकडे सरकल्याने रूप वेगळे दिसते, असा खुलासा त्यांनी स्वतःच केला होता.

शरीराचा काटकसरी कारभार

वरच्या भागात द्रव वाढला की शरीराला वाटते, एकंदर रक्तच अधिक झाले. मग ते रक्तातील पाण्याचा भाग कमी करते. तेथे त्याने काही बिघडत नाही. पृथ्वीवर परतल्यावर मात्र रक्त पुन्हा पायांकडे ओढले जाते, मेंदूला ते अपुरे पडते आणि उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणूनच परतीच्या वेळी अंतराळवीर मीठ घातलेले पाणी पितात आणि पाय व पोट घट्ट आवळून धरणारे कपडे घालतात.

हाडांचे गणित अधिक गंभीर आहे. आपल्याला हाड दगडासारखे स्थिर वाटते. प्रत्यक्षात त्याची मोडतोड आणि बांधणी अहोरात्र चाललेली असते. ज्या हाडावर भार पडतो ते बांधले जाते. ज्यावर पडत नाही ते मोडीत निघते. पुरेसा व्यायाम नसेल तर कंबर, खुबा, मांडी यांसारख्या भार वाहणाऱ्या भागांतील हाडांची घनता अंतराळात महिन्याला १ ते १.५ टक्क्याने घटते. रजोनिवृत्तीनंतर एखाद्या स्त्रीची हाडे वर्षभरात जेवढी झिजतात, जवळपास तेवढी ही एका महिन्याची झीज. हाडांतून सुटलेले कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडते आणि मूतखड्याची भीती निर्माण होते. स्नायूही रोडावतात, त्यातही पोटऱ्या आणि पाठ यांचे सर्वाधिक.

थोडक्यात, ज्याचा उपयोग नाही त्यावर शरीर खर्च करीत नाही. एखाद्या काटकसरी गृहिणीने रिकाम्या खोलीतील दिवे मालवावेत, तसे ते एकेक अवयवाचा खर्च कमी करीत जाते. या कारभारात दोष काढता येणार नाही. अडचण एवढीच, की परत जमिनीवर यावयाचे आहे, हे शरीराला ठाऊक नसते.

रोजचे दोन तास

यावर सापडलेला सर्वांत प्रभावी उपाय ऐकून आपली कदाचित निराशा होईल. तो आहे रोजचा व्यायाम. अवकाशस्थानकावरील प्रत्येकाच्या दिनक्रमात उपकरणे जुळविण्याच्या वेळेसह सुमारे दोन ते अडीच तास त्यासाठी राखलेले असतात. खांदे आणि कंबर पट्ट्यांनी खाली ओढून धरून ट्रेडमिलवर धावायचे. बैठक नसलेल्या सायकलवर पाय चालवायचे. तेथे लोखंडी वजनांना अर्थ नाही. म्हणून निर्वात नळकांड्यांच्या विरोधाने ओढ निर्माण करणाऱ्या यंत्रावर बैठका मारायच्या. सुनीता विल्यम्स यांनी एप्रिल २००७ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनचे संपूर्ण अंतर अशाच ट्रेडमिलवर ४ तास २४ मिनिटांत पूर्ण केले होते.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, जोरकस भाराचा व्यायाम, पोटभर सकस आहार आणि पुरेसे ड जीवनसत्त्व ही तिन्ही मिळाली तर हाडांची घनता बऱ्याच अंशी टिकविता येते. यातील एकही गोष्ट एकटी पुरत नाही. पोल्याकोव्ह खुर्चीपर्यंत चालत गेले त्यामागेही शिस्तीने केलेला व्यायामच होता.

तरीही सारे भरून येतेच असे नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७ अंतराळवीरांच्या नडगीच्या हाडाची पाहणी झाली. परतून वर्ष उलटले तरी त्यांपैकी ९ जणांची हानी पूर्णपणे भरून आलेली नव्हती. डोळ्यांची गोष्टही अशीच. दीर्घ मुक्कामात अनेकांच्या दृष्टिचेतेच्या मुळाशी सूज येते, जवळचे अंधुक दिसू लागते आणि चष्म्याचा नंबर बदलतो. म्हणून आता अधिक नंबरचे चष्मे आधीच सोबत देतात. यावर खात्रीचा उपाय अद्याप हाती आलेला नाही.

अंतराळातून आलेला फोन

आम्हा डॉक्टरांना विशेष वाटावी अशी एक हकीकत २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. अवकाशस्थानकावरील एका अंतराळवीराची, मोहिमेला दोन महिने झाले असताना, संशोधनासाठी मानेची सोनोग्राफी सुरू होती. त्रास काहीच नव्हता. पण मानेतील मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी आढळली. काही जणांच्या या शिरेत वजनरहित अवस्थेत रक्त संथ होते किंवा साचून राहते, हे त्याच सुमारास ध्यानात आले होते. अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना विद्यापीठाचे तज्ज्ञ डॉ. स्टीफन मोल यांचा सल्ला घेण्यात आला. रक्त गोठू न देणाऱ्या इंजेक्शनांचा तेथील साठा मर्यादित होता. रसदीचे यान येईपर्यंत तो पुरवून पुरवून वापरला आणि नंतर गोळ्या सुरू केल्या. उपचारांच्या काळात त्या अंतराळवीराने डॉ. मोल यांच्या घरी थेट फोन केला होता.

रुग्णाला हात न लावता, प्रयोगशाळा हाताशी नसता, चारशे किलोमीटर वर तरंगणाऱ्या माणसावर केलेले हे उपचार यशस्वी झाले. पण हाच रुग्ण मंगळाच्या वाटेवर असता तर? तेथून पृथ्वीपर्यंत संदेश पोहोचायला, अंतर अधिक असताना, वीस मिनिटांहून जास्त वेळ लागतो आणि उत्तर परत जायला तेवढाच. रसदीचे यान तर नाहीच. शिवाय किरणोत्सर्ग. अवकाशस्थानकावरील एका दिवसात छातीच्या अनेक एक्स-रेंइतका किरणोत्सर्ग शरीरात जातो. ‘नासा’ने एका अंतराळवीरासाठी आयुष्यभराची मर्यादा ६०० मिलिसीव्हर्ट ठरविली आहे, मंगळाच्या जाऊन-येऊन प्रवासात ती ओलांडली जाईल, असा अंदाज आहे. व्यायामाने हाडे राखता येतील. किरणोत्सर्गावर मात्र व्यायामाचा इलाज नाही.

मनालाही आधार लागतो

आता मनाविषयी. अवकाशस्थानकावर दिवसाकाठी सोळा सूर्योदय आणि सोळा सूर्यास्त होतात. मग शरीराच्या घड्याळाने कोणता खरा मानावा? म्हणून तेथे झोपेच्या वेळा काटेकोर पाळल्या जातात आणि दिव्यांचा रंग व प्रखरता वेळेनुसार बदलता येते. बंद जागेतील दीर्घ वास्तव्याचा अभ्यास करण्यासाठी मॉस्को येथे जून २०१० ते नोव्हेंबर २०११ या काळात सहा जणांना ५२० दिवस एका बनावट यानात ठेवले होते. हळूहळू त्यांची हालचाल मंदावली, काहींच्या झोपेची लय बिघडली आणि प्रत्येकावर परिणाम वेगवेगळा झाला.

एकटेपणा माणसांच्या सहवासातही असू शकतो. नॉर्मन थगार्ड हे अमेरिकी डॉक्टर-अंतराळवीर १९९५ मध्ये रशियन सहकाऱ्यांसमवेत ‘मीर’वर ११५ दिवस राहिले. सहकारी चांगले होते. पण आपल्या भाषेत बोलायला कोणी नाही, हे किती जड जाते, ते त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले. तेथे त्यांचे वजनही बरेच उतरले होते. परगावी मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या आजी-आजोबांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

आणि घरी काही घडले तर? १९७७-७८ मध्ये गिओर्गी ग्रेच्को ‘सॅल्यूत ६’वर ९६ दिवस होते. त्या काळात त्यांचे वडील निवर्तले. सोबत असलेले प्रमुख युरी रोमानेन्को यांनी ती वार्ता उतरेपर्यंत त्यांना कळू दिली नाही. पुढे डिसेंबर २००७ मध्ये डॅनियल तानी हे अमेरिकी अंतराळवीर अवकाशस्थानकावर असताना त्यांच्या आईचे अपघाती निधन झाले. त्यांना घेऊन येणारे यान लांबणीवर पडले होते. अन्यथा त्या सुमारास ते घरी असते. त्यांना ती वार्ता लगेच कळविण्यात आली. आईच्या अंत्यविधीला ते जाऊ शकले नाहीत आणि फेब्रुवारीपर्यंत तेथेच काम करीत राहिले.

‘डॉक्टर, बाबांना इतक्यात सांगू नका,’ ही विनंती मी असंख्य वेळा ऐकली आहे. रोमानेन्को यांनी चूक केली की बरोबर, हे ठरविण्याचा मला अधिकार नाही. माझा अनुभव एवढाच सांगतो, की वार्ता लपविल्याने दुःख टळत नाही. ते लांबणीवर पडते आणि त्यात ‘मला का सांगितले नाही’ हा एक काटा वाढतो.

फ्रँक रुबिओ यांची गोष्ट मला अधिक जवळची वाटते, कारण तेही माझ्यासारखेच फॅमिली डॉक्टर. सप्टेंबर २०२२ मध्ये ते सहा महिन्यांसाठी गेले. परतीच्या यानात गळती झाल्याने मुक्काम ३७१ दिवसांचा झाला. वर्षभर राहावे लागेल असे आधी सांगितले असते तर घरच्या कारणांसाठी बहुधा नकार दिला असता, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. शरीराची झीज मोजता येते. मुलांच्या आयुष्यातून निसटलेले वर्ष कोणत्या यंत्राने मोजावे?

म्हणूनच मनासाठीही तेथे नियम आहेत. घरच्यांशी ठरलेल्या वेळी संभाषण, सर्वांनी मिळून जेवण, सुटीचा दिवस आणि झाडांची निगा. २०१६ च्या प्रारंभी स्कॉट केली यांनी तेथील छोट्या वाफ्यातील, बुरशीने मरू घातलेली झिनियाची रोपे जगवून फुलविली, तेव्हा त्या नारिंगी फुलाचे कौतुक जगभर झाले होते.

आपल्या घरातील अंतराळ

अंतराळात न जाता वजनरहित अवस्थेचा अभ्यास कसा करतात, ठाऊक आहे? निरोगी माणसांना पायांपेक्षा डोके किंचित खाली ठेवून, आठवडेच्या आठवडे खाटेवर झोपवून ठेवतात. मॉस्को येथे १९८६-८७ मध्ये असा एक प्रयोग ३७० दिवस चालला. खाटेवरच्या माणसाचेही रक्त डोक्याकडे सरकते, हाडे विरळ होतात, स्नायू वितळतात. अमेरिकेत डॅलस येथे १९६६ मध्ये विशीतील पाच तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवले होते. तीस वर्षांनी त्यांचीच पुन्हा तपासणी झाली. शरीराची श्रम करण्याची क्षमता तीस वर्षांच्या वार्धक्याने जेवढी घटली होती, त्याहून अधिक ती त्या तीन आठवड्यांत घटली होती!

हा अभ्यास मी वाचला तेव्हा मला एक निवृत्त शिक्षक आठवले. बहात्तर वर्षांचे, रोज नदीपर्यंत चालत जाणारे. त्यांना न्यूमोनिया झाला. औषधे लागू पडली आणि ताप उतरला. त्यांच्या कागदावर मी माझ्या हाताने लिहिले होते : ‘तीन आठवडे पूर्ण विश्रांती.’ घरच्यांनी माझा शब्द प्रेमाने पाळला. जेवण खाटेवर, चहा खाटेवर, भांडेही खाटेवरच. बाविसाव्या दिवशी गुरुजी एकटेच उठले, न्हाणीघराच्या दारात घेरी येऊन पडले आणि मांडीचे हाड खुब्यात मोडले. पुढची चार वर्षे ते वॉकरशिवाय चालले नाहीत. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. मी तो स्वतःला देतो. बरे झालेल्या माणसाला मी तीन आठवडे अंतराळात पाठविले होते आणि परत कसे यावयाचे, हे सांगितलेच नव्हते.

आता माझ्या कागदावर ‘पूर्ण विश्रांती’ हे शब्द क्वचितच येतात. हाड मोडले असेल, शस्त्रक्रिया झाली असेल, हृदयाचा किंवा मेंदूचा गंभीर आजार असेल, तर केव्हा आणि किती हालचाल करायची ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच सांगावे. पण आपण त्यांना हा प्रश्न विचारायला हवा : ‘यांना कधी उठवू?’

त्यांची संमती असेल तर दिवसातून अनेकदा पावले वर-खाली हलवायला सांगावीत, गुडघे सरळ-वाकडे करून घ्यावेत. जेवणासाठी तरी खुर्चीत बसवावे. उठताना आधी खाटेच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटे बसू द्यावे, मग आधार देऊन उभे करावे. उभे राहताच चालायला लावू नये. पाणी कमी पडू देऊ नये. ताटात नुसती पेज नको. डाळ, दूध, अंडे, जे चालत असेल ते असावे. खाट खिडकीजवळ असावी, म्हणजे सकाळ आणि संध्याकाळ डोळ्यांना कळते. चष्मा, कानाचे यंत्र, घड्याळ आणि दिनदर्शिका हाताशी असावी. आणि रोज कोणीतरी त्यांच्याजवळ बसून बोलावे. औषध घेतले का, एवढ्याच प्रश्नाला बोलणे म्हणत नाहीत.

आपले शुभांशू शुक्ला जुलै २०२५ मध्ये सुमारे वीस दिवसांच्या प्रवासाहून परतले, तेव्हा त्यांनी एक गमतीदार अनुभव सांगितला. काम आटोपल्यावर त्यांनी लॅपटॉप मिटला आणि हवेतच सोडून दिला. तो तरंगत राहील, असे त्यांना वाटले होते. वीस दिवसांत शरीर आणि मन जमिनीचे नियम विसरू लागतात. ते पुन्हा शिकता येतात. मात्र शिकविणारे कोणी जवळ हवे. अंतराळवीर उतरतात तेव्हा त्यांच्यासाठी माणसांचा ताफा सज्ज असतो. आपल्या घरातील खाटेवरून उठणाऱ्या माणसासाठी आपणच आहोत.